अनुशीलन आणि आसक्ती : 'ग्रेटफुल डेड' या बँडच्या रसिकाविषयी काही विचार

१

साहित्यव्यवहाराचा विचार करताना कवी, काव्य आणि रसिक या तिन्ही घटकांची नावे आपण एकत्र घेतो. परंतु प्रत्यक्ष समीक्षेत पहिल्या दोहोंना जेवढी जागा मिळते तेवढी तिसऱ्याला मिळत नाही. त्यातही वर्षानुवर्षे एकाच कलावंतावर जीव लावून बसलेला रसिक समीक्षेला काहीसा संशयास्पदच वाटत आला आहे. ज्याचे प्रेम आहे त्याला दोष दिसणार नाहीत. त्याच्या बोलण्याला साक्षीचे मूल्य असेल, निर्णयाचे मूल्य असणार नाही, अशी धारणा आपण गृहीत धरून चालतो. 'चाहता' आणि 'समीक्षक' हे शब्द परस्परविरोधी म्हणून वापरले जातात ते या धारणेमुळेच.

ही धारणा कितपत टिकते हे प्रस्तुत लेखात तपासायचे आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण साहित्यातले नाही आणि मराठीतलेही नाही. अमेरिकेतील 'ग्रेटफुल डेड' हा रॉक बँड आणि त्याच्या मागे तीस वर्षे हिंडलेला, 'डेडहेड' या नावाने ओळखला जाणारा त्याचा श्रोता, हा या लेखाचा विषय आहे. इतक्या दूरचे उदाहरण घेण्यास तीन कारणे आहेत. एक, या श्रोत्याने आपल्या आस्वादाची नोंद ठेवली. आस्वादाचा इतका तपशीलवार लेखी आणि ध्वनिमुद्रित पुरावा अन्यत्र क्वचितच मिळतो. दोन, त्याच्या प्रेमाचा विषय एखादी पूर्ण झालेली कलाकृती नसून दर रात्री नव्याने घडणारा प्रयोग होता. तीन, हा प्रयोग १९९५ साली थांबला; त्यामुळे या प्रेमाची सुरुवात, वाढ आणि त्याचा विषय नाहीसा झाल्यानंतरची अवस्था असा पूर्ण आलेख आज आपल्यासमोर आहे.

अशोक रानडे यांनी संगीताच्या कोटी मांडताना जनसंगीत आणि कलासंगीत यांतला भेद स्पष्ट केला होता. रॉक हे जनसंगीत आहे याविषयी वाद नाही. मात्र जनसंगीताचा श्रोता हा केवळ उपभोक्ता असतो, अनुशीलन करणारा नसतो, असे आपण त्या भेदातून परस्पर काढत असू, तर ते निष्कर्षाचे घाईने केलेले रोपण ठरेल.

२

बँडचा इतिहास थोडक्यात असा. १९६५ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे 'द वॉरलॉक्स' या नावाने काही तरुण एकत्र आले. जेरी गार्सिया, बॉब वेअर, फिल लेश, बिल क्रॉइट्समन आणि रॉन मॅकर्नन हे त्यांतले प्रमुख. त्याच वर्षाअखेर त्यांनी 'ग्रेटफुल डेड' हे नाव घेतले. १९६७ मध्ये मिकी हार्ट हा दुसरा तालवादक येऊन मिळाला. रॉबर्ट हंटर हा कवी बँडबरोबर मंचावर वाजवत नसे, परंतु गार्सियाच्या बहुतेक महत्त्वाच्या गीतांचे शब्द त्याचे आहेत. ९ ऑगस्ट १९९५ रोजी वयाच्या ५३ व्या वर्षी गार्सियाचे निधन झाले आणि त्या वर्षाअखेर उरलेल्यांनी या नावाने वाजवणे थांबवल्याचे जाहीर केले. या तीस वर्षांत बँडचे २३०० हून अधिक कार्यक्रम झाले.

ध्वनिमुद्रिका विकून नाव मिळवणे ही रॉक बँडची रूढ वाट. ती या बँडला फारशी मानवली नाही. १९७० मधील 'वर्किंगमन्स डेड' आणि 'अमेरिकन ब्यूटी' हे अल्बम आजही वाखाणले जातात. परंतु लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचलेले त्यांचे एकच गीत, १९८७ मधील 'टच ऑफ ग्रे'. म्हणजे स्थापनेनंतर बावीस वर्षांनी. तोवर बँड जगला तो प्रत्यक्ष कार्यक्रमांवर.

याचे कारण त्यांच्या वादनपद्धतीत आहे. 'डार्क स्टार' हे गीत १९६८ साली लहान ध्वनिमुद्रिकेवर आले तेव्हा ते तीन मिनिटांच्याही आत संपत होते. तेच गीत २७ फेब्रुवारी १९६९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फिलमोर वेस्ट' या सभागृहात वाजवले गेले आणि 'लाइव्ह/डेड' या अल्बममध्ये समाविष्ट झाले तेव्हा सुमारे तेवीस मिनिटांचे झाले होते. शब्द तेच, चालही तीच. पण दोन कडव्यांमधला अवकाश एवढा विस्तारला की गीत हे निमित्तमात्र उरले. कोणत्या रात्री कोणती गीते कोणत्या क्रमाने येतील हे आधी ठरलेले नसे. एका गीतातून दुसऱ्या गीतात न थांबता जाण्याच्या जागा रात्रीगणिक बदलत.

नाट्यसंहिता आणि नाट्यप्रयोग हा भेद मराठी वाचकाला परिचित आहे. त्या परिभाषेत सांगायचे तर येथे संहिता अतिशय तोकडी आणि प्रयोग अमर्याद होता. आपल्या संगीत रंगभूमीवरील 'वन्समोअर'च्या प्रथेशी तुलना केली तर फरक आणखी स्पष्ट होतो. 'वन्समोअर' देणाऱ्या प्रेक्षकाला आत्ता ऐकले तेच पद पुन्हा हवे असे. डेडहेड तेच गीत ऐकायला दुसऱ्या गावी जाई ते तिथे ते वेगळे होईल म्हणून.

या वादनाचा भारताशी आलेला संबंधही नोंदवायला हवा. मिकी हार्ट १९६० च्या दशकाच्या अखेरीस उस्ताद अल्लारखाँ यांच्या तबलावादनाने भारावून गेला आणि त्यांच्याकडून त्याने तालाचे काही शिक्षण घेतले. 'द इलेव्हन' ही अकरा मात्रांची रचना त्याच काळातली. पुढे अली अकबर कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये झाकीर हुसेन यांच्याभोवती जमलेल्या वादकांबरोबर हार्टने 'दिगा ऱ्हिदम बँड' चालवला; त्यांचा 'दिगा' हा अल्बम १९७६ सालचा. मुंबईत जन्मलेले झाकीर हुसेन १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे निवर्तले. तोपर्यंत हार्टशी त्यांचा सांगीतिक स्नेह टिकून होता. मात्र यावरून 'ग्रेटफुल डेड'च्या संगीताला भारतीय ठरवण्याचे कारण नाही. ब्लूज, कंट्री, ब्लूग्रास, जाझ या अमेरिकी परंपरांतूनच ते वाढले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो श्रोता. ज्याला 'उपज' हा शब्द माहीत नव्हता, पण जो रात्रीमागून रात्री उपज ऐकायलाच जात होता.

३

१९७१ मध्ये बँडने आपल्या एका अल्बमच्या आत श्रोत्यांना उद्देशून छोटा मजकूर छापला. तुम्ही कोण, कुठे आहात, कसे आहात, अशी विचारपूस करून नाव-पत्ता कळवण्याची विनंती त्यात होती. आलेल्या पत्रांतून पत्त्यांची यादी तयार झाली. विखुरलेल्या श्रोत्यांना आपण एक समुदाय आहोत याची जाणीव होण्यात या मजकुराचा वाटा मोठा आहे.

याच सुमारास कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण करणारे श्रोते पुढे आले. सुरुवातीला कोटाच्या आत यंत्र लपवून, मग उघडपणे. बँडने त्यांना रोखले नाही, आणि ऑक्टोबर १९८४ पासून तर ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी सभागृहात स्वतंत्र जागा राखून ठेवली. ध्वनिफितींची विक्री करायची नाही, फक्त देवाणघेवाण करायची, हा त्यातला अलिखित पण कटाक्षाने पाळलेला नियम. पुढे 'रेलिक्स' या नावाने नियतकालिक झालेले प्रकाशन १९७४ मध्ये सुरू झाले ते अशा देवाणघेवाणीचे पत्रक म्हणून. प्रत्येक कार्यक्रमात कोणती गीते कोणत्या क्रमाने वाजली याची जंत्री देणारा 'डेडबेस' हा संदर्भग्रंथ १९८७ पासून निघू लागला. तो श्रोत्यांनीच सिद्ध केला.

या सर्व खटाटोपाकडे साहित्याचा अभ्यासक पाहू लागला की त्याला एक परिचित शास्त्र दिसते. ते आहे पाठचिकित्सा. जुन्या काव्याच्या हस्तलिखितांबाबत आपण जे प्रश्न विचारतो तेच प्रश्न हा श्रोता कॅसेटबाबत विचारत होता. ही प्रत मूळ ध्वनिमुद्रणापासून कितव्या पिढीची आहे? ती श्रोत्यांत बसून घेतली की ध्वनियंत्रणेतून थेट घेतली? तारीख आणि गाव खरे आहे का? दोन प्रतींत फरक असल्यास विश्वसनीय कोणती? मध्येच फीत संपल्यामुळे गळलेला भाग दुसऱ्या प्रतीतून भरून काढता येईल का? आणि या साऱ्या प्रश्नांच्या मुळाशी असलेला प्रश्न, या रात्रीचा 'डार्क स्टार' त्या रात्रीच्या 'डार्क स्टार'हून कोणत्या बाबतीत वेगळा आहे?

येथे एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. पाठचिकित्सकाला अनेक पाठांतून एका मूळ पाठाकडे जायचे असते. डेडहेडला मूळ पाठ नकोच होता. त्याच्यासाठी प्रत्येक पाठ मूळच होता. म्हणून त्याच्या हाती अंतिम संहिता लागली नाही, हाती लागली ती भेद ओळखण्याची सूक्ष्म शक्ती. की-बोर्डवर कोण बसले आहे यावरून तो बँडचे कालखंड पाडत असे. १९७३ मध्ये दिवंगत झालेल्या मॅकर्ननचा काळ वेगळा, कीथ गॉडशॉचा वेगळा, १९७९ ते १९९० या वर्षांतला ब्रेंट मिडलंडचा वेगळा. वाङ्मयेतिहासकार करतो त्याहून हे काम निराळे नाही.

या पद्धतीचे दोषही आहेत. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेला कार्यक्रम बँडचा सर्वोत्कृष्ट कार्यक्रम म्हणून वर्षानुवर्षे सांगितला जातो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत तो समाविष्ट केला आणि २०१७ मध्ये तो अधिकृतपणे प्रकाशितही झाला. वादन उत्तमच आहे. पण त्याच्या कीर्तीत बेटी कँटर-जॅक्सन या तंत्रज्ञ स्त्रीने केलेल्या नितळ ध्वनिमुद्रणाचा वाटा किती, आणि त्या प्रती हातोहाती किती दूर गेल्या याचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. ज्याची चांगली प्रत उरली तो ग्रंथ श्रेष्ठ ठरला, असे साहित्याच्या इतिहासातही घडले आहे. डेडहेडांमध्येच या कार्यक्रमाच्या थोरवीवरून वाद होतात, ही गोष्ट मला आश्वासक वाटते. जेथे वाद आहे तेथे केवळ भक्ती नाही.

४

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हे प्रेम आस्वादाला उपकारक की मारक?

अभिनवगुप्ताने 'लोचन' टीकेत सहृदयाचे जे लक्षण सांगितले आहे त्यात दीर्घ अभ्यासाला मध्यवर्ती स्थान आहे. काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे आणि म्हणून वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची योग्यता ज्याला लाभली आहे, तो सहृदय, असा त्याचा आशय. या लक्षणाकडे आपण बहुधा तन्मयतेच्या बाजूने पाहतो; त्यातल्या अभ्यासाकडे आपले दुर्लक्ष होते. सहृदय हा जन्मत नाही, तो घडतो, आणि घडायला वर्षे लागतात. या अर्थाने दीर्घकाळचे प्रेम हा सहृदयतेचा अडथळा नसून तिची पूर्वअट आहे. प्रेम नसेल तर एकच गीत शंभर वेळा ऐकण्याचे कष्ट घेणार कोण?

परंतु त्याच अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत आणि त्यांतले एक आहे स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन होणे. आवडत्या बँडच्या चाहत्याला ग्रासणारे विघ्न नेमके हेच आहे. सतराव्या वर्षी ऐकलेले गीत चाळीसाव्या वर्षी पुन्हा ऐकताना आपण ते गीत ऐकतो की आपले सतरावे वर्ष? रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा ज्या दोन भूमिकांची चर्चा केली, त्यांच्यामधला ताण या साध्या प्रश्नात एकवटला आहे. अलौकिकतावादी म्हणेल, सतरावे वर्ष बाजूला ठेवा. लौकिकतावादी विचारेल, ते बाजूला ठेवले तर उरते काय?

या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते एका वहीत मिळाले. २००३ साली संशोधनाच्या निमित्ताने मी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका गावी काही महिने होतो. तेथील ग्रंथालयात काम करणारे एक गृहस्थ १९७३ पासून या बँडचे श्रोते होते. त्यांनी एका रविवारी घरी बोलावून आपला कॅसेटसंग्रह दाखवला. भिंतभर कॅसेट, तारीखवार लावलेल्या. त्याहून मला गुंतवून ठेवले ते त्यांच्या वह्यांनी. प्रत्येक कॅसेटला एक पान. वर तारीख, गाव, प्रत कोणाकडून आली, कितव्या पिढीची. खाली प्रत्येक गीतापुढे एकदोन ओळींचा शेरा. शेरे कौतुकाचेच होते असे नाही. गार्सिया शब्द विसरला, दोघा तालवादकांचा मेळ बसला नाही, शेवटचे गीत उरकले, असेही शेरे जागोजाग होते.

१९८१ सालच्या एका पानावर एका गीतापुढे त्यांनी त्या वेळी लिहिले होते की इतके चांगले वादन आपण कधी ऐकले नाही. तो शेरा खोडलेला होता. त्याखाली वेगळ्या शाईत, १९९६ ची तारीख घालून, दुसरा शेरा होता. त्याचा भावार्थ असा : वादन साधारण आहे, त्या रात्री ती माझ्यासोबत होती. 'ती' कोण हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

माझ्या मते ही खोडाखोड हे उत्तम समीक्षेचे उदाहरण आहे. येथे स्वतःच्या सुखदुःखाचे विघ्न दूर झाले आहे, पण ते सुखदुःख नाकारलेले नाही. ते ओळखले, त्याला नाव दिले आणि गीतापासून वेगळे काढून त्याच पानावर ठेवले. ही क्षमता कोठून आली? तटस्थतेतून नव्हे. तटस्थ श्रोत्याने ते गीत एकदा ऐकून सोडून दिले असते. त्याच्यापाशी खोडण्याजोगा शेराच नसता. ती आली पंधरा वर्षे तेच गीत इतर शेकडो रात्रींच्या वादनाशी ताडून पाहिल्यामुळे. प्रेमातून निर्माण झालेली चूक प्रेमानेच केलेल्या अभ्यासाने दुरुस्त केली, असे येथे दिसते. आसक्ती आणि अनुशीलन यांच्यातील सीमारेषा प्रेम असणे-नसणे ही नाही. आपला शेरा पुन्हा तपासण्याची तयारी आहे की नाही, ही ती रेषा आहे.

५

या उदाहरणाला सोनेरी मुलामा देणे योग्य होणार नाही. काही आक्षेपांची दखल घेणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप मादक द्रव्यांचा. बँडची सुरुवातच केन केसी या कादंबरीकाराने १९६५-६६ मध्ये भरवलेल्या 'ॲसिड टेस्ट' या मेळाव्यांतून झाली. पुढेही हा संबंध सुटला नाही. गार्सियाच्या व्यसनाने त्याच्या वादनावर आणि अखेर आयुष्यावर परिणाम केला. मैफलीतील तन्मयतेचे श्रेय संगीताला किती आणि द्रव्याला किती, हा प्रश्न टाळता येत नाही. ध्वनिफितीचे महत्त्व येथेही जाणवते. घरी, शुद्धीवर, वर्षांनंतर ऐकताना जे टिकते तेवढेच संगीताचे.

दुसरा आक्षेप झुंडीचा. १९८७ च्या यशानंतर कार्यक्रमांना एवढी गर्दी लोटू लागली की तिकीट नसलेले हजारो लोक केवळ बाहेरच्या मैदानात वावरण्यासाठी येऊ लागले. २ जुलै १९९५ रोजी इंडियाना राज्यातील डिअर क्रीक येथे जमावाने कुंपण तोडून आत प्रवेश केला; दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द करावा लागला आणि बँडने श्रोत्यांना उद्देशून नाराजीचे उघड पत्र काढले. १९७१ मध्ये तुम्ही कोण, असे आपुलकीने विचारणाऱ्यांवर चोवीस वर्षांनी आपल्याच श्रोत्यांना समज देण्याची वेळ आली. समुदाय आणि जमाव यांतले अंतर प्रेमाच्या प्रमाणावर ठरत नाही, हे त्यातून दिसते.

तिसरा आक्षेप मालकीचा. नोव्हेंबर २००५ मध्ये 'इंटरनेट अर्काइव्ह' या संस्थळावरील कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे बँडच्या बाजूने आलेल्या विनंतीवरून उतरवण्याचे प्रकरण घडले. श्रोत्यांनी निषेध केला. त्यानंतर श्रोत्यांनी घेतलेली ध्वनिमुद्रणे पुन्हा खुली झाली; ध्वनियंत्रणेतून घेतलेली मात्र केवळ ऐकण्यापुरती उपलब्ध राहिली. विक्री करायची नाही या नियमावर उभी राहिलेली परंपरा शेवटी संपत्ती कोणाची, या प्रश्नापाशी येऊन अडखळली. दोन्ही बाजूंना आपापला न्याय होता. पण ज्यांनी वीस-तीस वर्षे प्रती जपल्या त्यांना आपण केवळ ग्राहक आहोत हे ऐकावे लागले, याची बोच दुर्लक्षण्यासारखी नाही.

मराठी वाचकाला या सर्व वर्णनात वारीची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि अमेरिकी लेखकांनीही या भ्रमंतीला तीर्थयात्रेची उपमा दिलेली आहे. ही उपमा मला पुरेशी वाटत नाही. वारीत विठ्ठल विटेवर स्थिर असतो, भक्त चालतो. येथे दैवतही चालत होते, थकत होते, चुकत होते आणि एके दिवशी मरण पावले. भक्ताला दैवताचे परीक्षण करावे लागत नाही. रसिकाला ते करावेच लागते.

६

हे 'करावेच लागते' म्हणणे सोपे आहे. त्या गृहस्थांच्या भिंतीवरचा शेवटचा कप्पा १९९५ सालचा होता. त्या कॅसेटच्या पानांवर तारीख होती, गाव होते, प्रत कोणाकडून आली ते होते. गीतांची नावेही क्रमाने लिहिलेली होती. पुढची जागा कोरी होती. ९ जुलै १९९५ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर झालेल्या अखेरच्या कार्यक्रमाचे पानही तसेच. त्या कार्यक्रमाला ते स्वतः हजर होते. कारण विचारल्यावर ते एवढेच म्हणाले, "मी ते एकदा ऐकले आहे."

त्या वर्षीच्या वादनात गार्सियाची प्रकृती ढासळलेली ऐकू येते, हे त्याच्या चाहत्यांनीच नमूद केले आहे. हंटरच्या गंभीर गीतांना त्या थकलेल्या आवाजात वेगळी आर्तता आली असेही काही जण मानतात. काहीही असो, बावीस वर्षे शेरे लिहिणाऱ्या माणसाने येथे लेखणी खाली ठेवली. हे समीक्षकाचे अपयश आहे का? त्या दिवशी मला तसे वाटले नव्हते. उलट त्या मौनाने मी हेलावून गेलो होतो. आज वाटते की ते अपयशच आहे, आणि ते समजून घेण्याजोगे आहे. ज्या प्रेमाला कलावंताचा उतार ऐकवत नाही त्याचे अनुशीलन अपुरे राहते. तरीही त्या अपुरेपणातही प्रामाणिकपणा आहे. त्यांनी ती पाने फाडली नव्हती. खोटे कौतुक लिहिले नव्हते. जागा कोरी ठेवली होती, म्हणजे काम बाकी आहे याची नोंद ठेवली होती.

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजत नाही. ज्या कवीवर माझ्या पिढीने तारुण्यात जीव लावला, त्याचे उत्तरकाळातील दोन संग्रह माझ्या कपाटात न वाचता पडून आहेत. विद्यार्थ्यांना त्या कवीविषयी शिकवताना मी मधल्या काळापाशी थांबतो. माझी वही कोरीही नाही. ती मी उघडलेलीच नाही.

शेवटी बँडच्या नावाविषयी. 'ग्रेटफुल डेड', म्हणजे कृतज्ञ मृत, हे शब्द गार्सियाला एका शब्दकोशात सापडले. हे एका जुन्या लोककथेच्या कल्पनाबंधाचे नाव आहे. एका वाटसरूला एक बेवारस प्रेत दिसते. मृताने कर्ज फेडले नाही म्हणून त्याचे दफन अडलेले असते. वाटसरू आपल्याजवळचे पैसे देऊन ते दफन घडवून आणतो. पुढे संकटाच्या वेळी त्याला एक अनोळखी सोबती मदत करतो, आणि अखेर कळते की तो तोच मृत मनुष्य आहे. ही कथा युरोपात आणि अन्यत्र अनेक रूपांत आढळते.

१९९५ नंतर या कथेला एक निराळा अर्थ आला. ज्यांचे संगीत मैफलीबरोबर हवेत विरून जायचे, त्यांच्या रात्री श्रोत्यांनी आपल्या खर्चाने, आपल्या वेळाने जतन केल्या. सांता क्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात बँडचे दप्तर २००८ मध्ये दाखल झाले आणि २०१२ मध्ये अभ्यासकांसाठी खुले झाले. पण त्याआधी चाळीस वर्षे हजारो घरांच्या भिंती हेच काम करत होत्या. हंटर २०१९ मध्ये गेला, फिल लेश २०२४ मध्ये गेला. कॅसेट उरल्या, आणि त्यांच्याबरोबर वह्या उरल्या. समीक्षेला या व्यवहारापासून शिकण्यासारखे काही असेल तर ते एवढेच की दीर्घ प्रेमाची लाज बाळगण्याचे कारण नाही; लाज बाळगायची तर न तपासलेल्या शेऱ्याची. कोरी जागा पुढे कधीतरी भरता येते. त्यासाठी फीत पुन्हा लावावी लागते, आणि जे ऐकू येईल ते ऐकावे लागते.